उन्हातली पाटी

डिलेनी शाळेतून परतली, तेव्हा अंगणातली तिची पाटी जागेवर नव्हती. पाटीचे तारेचे पाय रुतले होते तिथे गवतात दोन भोकं तेवढी उरली होती.

शाळा संपवणाऱ्या प्रत्येक मुलाची अशी पाटी या गल्लीत घरासमोर लागते. शाळेच्या निरोप समारंभाच्या झगा-टोपीतला हसरा फोटो, खाली नाव, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत, प्रवेश मिळालेल्या कॉलेजचं नाव. डिलेनीच्या आईनं ती हौसेनं रोवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, अगदी पोस्टमनलासुद्धा, थांबवून दाखवली होती.

पाटी दिसली नाही म्हणून डिलेनीला, खरं सांगायचं तर, आधी हायसंच वाटलं. तासाभरापूर्वीच शाळेतल्या समुपदेशक मिस पेट्रो यांनी तिला खोलीत बोलावून घेतलं होतं.

"मार्चमध्ये प्रवेश मिळाला म्हणजे सगळं झालं, असं वाटलं का गं तुला? शेवटचे गुण मला कॉलेजला पाठवावेच लागतात. फिजिक्समध्ये तू नापास व्हायच्या काठावर आहेस. उद्याचा पेपर बिघडला तर ते तुझी जागा काढून घेतील. घेतात ते."

मार्चपासून डिलेनीनं पुस्तकांना रामराम ठोकला होता. तसा सगळा वर्गच उंडारत होता, पण बाकीच्यांना उंडारूनही पास होता येत होतं. घरी तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मग तिला पाटी दिसली. समोरच्या ह्युबरांच्या अंगणात, त्यांच्या मुलाच्या, ग्रेडीच्या पाटीला अगदी खेटून.

ग्रेडीची पाटी मागच्या वर्षीची होती. तिच्यावर नाव डिलेनीच्याच कॉलेजचं. मागच्या जुलैत त्याची जागा गेली, शेवटच्या वर्षाच्या गुणांपायी. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ह्युबरांसमोर कुणी चकार शब्द काढला नाही आणि ह्युबरांनीही पाटी काढली नाही. उन्हानं फोटोतला चेहरा पांढरा पडला होता. टोपी ओळखू यायची, दात ओळखू यायचे, डोळे मात्र पार पुसले गेले होते. वर्षभर डिलेनी तिकडे न बघता जायची.

आता ग्रेडी तिथेच गवतात बसून होता. शेजारी पाण्याची बादली. जूनच्या कडक उन्हात त्यानं कॉलेजच्या नावाचा जाड स्वेटशर्ट घातला होता आणि ओल्या फडक्यानं तो डिलेनीच्या फोटोवरची धूळ पुसत होता.

"तू आणलीस ही इकडे?" डिलेनीनं विचारलं.

"तुमच्या अंगणात त्या झाडाची सावली. तिथे कोण बघणार तुला? इथे बघ, कसं दिवसभर ऊन लागतं." त्यानं फोटोतल्या तिच्या गालावरून फडकं फिरवलं. "तुला वसतिगृह कुठलं मिळालं? मी तळ्याकाठचं मागितलंय. ऑगस्टमध्ये बरोबरच निघू आपण. आमच्या गाडीत भरपूर जागा आहे."

थट्टा असेल म्हणून डिलेनी हसायच्या बेतात होती. पण तो हसत नव्हता. तो मान वर करून तिच्या उत्तराची वाट बघत होता.

जाळीचं दार उघडून मिसेस ह्युबर पायरीवर आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकचं एक नवंकोरं पाकीट होतं.

"डिलेनी, बाळ! आईला सांग तुझ्या, वसतिगृहाच्या लांब पलंगाच्या चादरी सेलमध्ये आल्यात. निळा रंग संपायच्या आत घ्या म्हणावं. मी आमच्या ग्रेडीसाठी घेऊन टाकल्या."

त्यांच्या मागे, दारातून दिसणाऱ्या जिन्यावर, तसंच एक पाकीट पडलं होतं. तोच निळा रंग, न फोडलेलं, वर धुळीचा थर.

"त्या... त्या जिन्यावरच्या मागच्या वर्षीच्या आहेत ना?" डिलेनीच्या तोंडून निघून गेलं.

"आहेतच की त्या. पण नव्या जागी नव्या चादरी नकोत का?" मिसेस ह्युबर मायेनं म्हणाल्या. "तुम्ही दोघं असेच उभे राहा हं पाट्यांपाशी. मी फोन आणते, छान फोटो येईल." आणि त्या आत गेल्या.

डिलेनीनं आपली पाटी धरली आणि उपटायला लागली. पाटी हलेना. ग्रेडीनं ती चांगली खोलवर ठोकली होती.

"उद्या माझा पेपर आहे, ग्रेडी. फिजिक्सचा. मला जाऊ दे, अभ्यास करायचाय."

"फिजिक्स!" तो एकदम खुलला. "माझंही फिजिक्सच होतं."

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. तारेचा एक पाय वाकून वर आला, दुसरा मातीतच राहिला. ग्रेडी उठला. अजिबात न रागावता त्यानं आपला ओला, गार हात तिच्या हातांवर ठेवला आणि पाटी हळूच पुन्हा खाली दाबली.

"अगं, इतकी कसली घाई?" तो म्हणाला. "ऑगस्ट काय, दरवर्षी येतो."