एक ठोका

“बोल, खोलू का नको?” आसिमनं राजदीपला विचारलं. पाना चाकाच्या बोल्टला लावला आणि तसाच धरून ठेवला.

पिकअप जॅकवर चढली होती. भिंतीला टेकून चार मोठे टायर उभे होते आणि नव्या रबराचा वास अख्ख्या गॅरेजात भरला होता. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून गाडी उचलल्याशिवाय ते टायर बसणार नव्हते. ठोकळे आणि टायर मिळून गाडी चांगली वीतभर उंच होणार होती. एकदा बसवलं की बसवलं. भीमजयंती तोंडावर आलेली, नेर गावातल्या निम्म्या गाड्या आसिमच्या दारात रांगेत. पुन्हा उतरवायला त्याला सवड नव्हती.

राजदीपचा जीव मात्र त्या टायरांत अडकला होता. गाडी त्याच्या डीजेची. स्पीकरच्या पेट्यांची थप्पी आणि जनरेटर चढला की मागचे टायर मडगार्डला घासत. मागच्या महिन्यात फुलसावंगीच्या लग्नात ती मऊ वावरात पोटावर बसली आणि वऱ्हाडानं ट्रॅक्टर लावून ओढून काढली. नवरदेव घोड्यावर ताटकळला. नाक कापलं गेलं ते गेलंच, वर पुढची लग्नं दुसऱ्या डीजेवाल्या रोशनच्या उंच केलेल्या गाडीनं पळवली.

टायरांपासून हातभर अंतरावर स्टुलावर धर्मपाल बसला होता. राजदीपच्या थोरल्या बहिणीचा, दीपाचा नवरा. राजदीप त्याच्याकडे बघायचं टाळत होता.

मिरवणुकीत धर्मपालची जागा ठरलेली होती. सगळ्यात वरच्या पेटीवर, हातात सुका बांबू, बांबूच्या टोकाला बेचकं. विहाराकडे जाणाऱ्या गल्लीत विजेच्या तारा लोंबत होत्या. बेचक्यानं तार उचलायची, गाडी खालून सरकू द्यायची, तार सोडायची, मग पुढची. लाईन बंद करून घेऊ, असं दरवर्षी कुणीतरी म्हणे. पण लाईन बंद म्हणजे गल्लीतली रोषणाई बंद, आणि अंधारात कसली जयंती? म्हणून तो विषय तिथंच मिटे. डीजेच्या दणक्यात हाक ऐकू जात नाही, तेव्हा खाली गाडी चालवणारा राजदीप आणि वर धर्मपाल, दोघांनी खूण ठरवली होती. बांबूचे केबिनच्या टपावर दोन ठोके, येऊ दे. एक ठोका, थांब.

आजवर कधी काही झालं नव्हतं. उलट गेल्या वर्षी गाडी चौकात शिरली आणि वर निळा लखलखाट झाला. पोरांना वाटलं, राजदीपनं नवीन लाईट आणले. त्यांनी शिट्ट्या मारल्या. राजदीपही खुलला, त्यानं खिडकीतून हात काढून मागच्या पोराला आवाज अजून वाढवायला लावला. त्याचा व्हिडिओ अजून मोबाइलवर होता. मघाशीच त्यानं तो आसिमला कौतुकानं दाखवला होता.

“बांबू लांब घेऊ ना आपण,” राजदीप म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी.

“बांबू लांब होते रे भाई,” आसिम म्हणाला. “माणसाचं डोकं खाली होत नाही. मले काय, मी बसवून देतो. पण पयले त्याहिले विचार.”

राजदीप स्टुलाकडे वळला. उत्तर काय यावं ते त्याच्या मनात पक्कं होतं, म्हणून त्यानं प्रश्नही तसाच विचारला.

“भाऊजी, वर लय जागा राह्यते ना?”

धर्मपाल उठला. केबिनचं दार उघडून त्यानं सीटमागं हात घातला, चिंध्यांतून काहीतरी ओढून काढलं आणि राजदीपच्या हातात ठेवलं. गेल्या जयंतीला त्यानं घातलेली निळी टोपी होती. शेंड्यावर बोटभर लांबीचा काळा पट्टा. तिथलं कापड करपून आत वळलं होतं.

“एवढी राह्यते,” धर्मपाल म्हणाला.

राजदीप टोपीकडे बघत राहिला. तो निळा लखलखाट पुन्हा त्याच्या डोळ्यांपुढं आला, शिट्ट्यांसकट.

“ताईले माहीत हाय?”

“तिले कायले सांगू? तिनं मले पुन्हा चढू देल्लं असतं का? अन् मी नाही चढलो तं कोण चढते? घरचाच माणूस पायजे तिथं.”

“आसिमभाई, उतरव गाडी,” राजदीप म्हणाला. “उतरव. पेट्यांची वरची रांग बी काढतो मी आता.”

जॅक करकरत खाली येऊ लागला. भीती ओसरायला लागली की माणसाला राग येतो, तसा राजदीपला आला. कुणावर, ते त्यालाही कळेना. तो धर्मपालवर काढला.

“काहून गप्प राह्यले तवा, भाऊजी? एक ठोका मारायचा होता. जागच्या जागी थांबवली असती मी गाडी.”

धर्मपालनं टोपी त्याच्या हातातून परत घेतली, झटकली, घडी करून खिशात ठेवली.

“मारला होता,” तो म्हणाला.