न धुतलेलं कापड

"परत चावली? सोडून ये तिला मासळी बाजारात!" माझ्या हातावरचं रक्त बघून ताई ओरडली.

बायको गेल्यापासून ठमी मांजर माझ्यावर धावून येत होती. तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"मांजर वासावर घर ओळखतं. वास गेला की बिथरतं. बाईंचं न धुतलेलं कापड तिच्याजवळ ठेवा."

कापड कुठलं? तेराव्यानंतर ताईने घर गोमूत्राने, फिनेलने धुतलं. सगळ्या साड्या वाटून टाकल्या.

घरी येऊन मी ओरडलो, "झालं तुझं शुद्ध घर? एक चिंधी तरी ठेवायची होतीस तिची!"

"सुतक फिटल्यावर असंच करतात रे."

स्कूटरच्या डिकीत बायकोचा स्कार्फ सापडला. आधी मी तो तोंडाला लावला. मग मधोमध फाडला आणि अर्धा ठमीला दिला.