दीड मात्रा

“काका, परत लवकर आलात!”

संयोजिकेने हात वर केला आणि सगळे वादक थांबले. पहिल्या रांगेत गिटार घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली नाही. “लवकर नाही, वेळेवर आलोय,” तो म्हणाला.

मागचे व्हायोलिनवाले हसले. ज्या सिनेमाचा शेवटही आता कुणाला धड आठवत नाही, त्याच्या गाण्यांची ही तालीम होती. सिनेमा आठवडाभरात पडद्यावरून उतरला. गाणी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडातून उतरली नाहीत. त्यातल्या शीर्षकगीतात मुखडा संपतो, सगळी वाद्यं थांबतात आणि गिटार दीड मात्रा उशिरा शिरते. त्या दीड मात्रेवर लोकांनी लेख लिहिलेत, लग्नं जमवलीत. ती गिटार या म्हाताऱ्याने वाजवली होती.

संयोजिका ही त्या गाण्यांच्या संगीतकाराची मुलगी. वडील जाऊन काही वर्षं झाली होती. तिने फोनवर मूळ गाणं लावलं. “ऐका ना. बाबांनी इथे मुद्दाम जागा सोडलीय. ते म्हणायचे, ऐकणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला पाहिजे.”

“चुकलो मी होतो, बाळ. तेव्हा सगळे एकदम वाजवायचो. एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून. तुझे बाबा म्हणाले, जेवून आल्यावर पुन्हा घेऊ. जेवून येतो तर गायिका निघून गेलेली. राहिलं ते राहिलंच.”

ती हसली, पण चेहरा उतरला. “बाबा आता सांगायला येणार नाहीत म्हणून काहीही बोलायचं का, काका?”

त्या गाण्यानंतर म्हाताऱ्याला रेकॉर्डिंगला कुणी बोलावलं नव्हतं. वादकांनी त्याचं आडनावच पाडलं होतं, उशिरे. पुढे गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं तेव्हा ती चूक संगीतकाराची प्रतिभा ठरली. खापर मात्र ज्याच्या डोक्यावर फुटायचं त्याच्या फुटून गेलं होतं. उरलेला जन्म त्याने लोकांच्या पोरांना गिटार धरायला शिकवण्यात काढला. आता बोलावणं आलं तर त्याला एकच हवं होतं. भरल्या सभागृहात ती जागा एकदा, एकदाच, वेळेवर वाजवायची.

“बरं. रेकॉर्डवर आहे तशी वाजवतो,” तो म्हणाला. अडून बसलं तर मंचही जायचा.

त्याने अगदी मनापासून प्रयत्न केला. पण इतकी वर्षं घरी दार लावून ती जागा वेळेवरच घोटलेली; बोटं ऐकेनात. पुन्हा घेतलं. पुन्हा वेळेवर. स्वतःची चूक काही केल्या त्याला साधेना. “जन्मभर उशीर, आणि आज घाई,” मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी कोणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं.

संयोजिकेने त्याच्या शेजारच्या मुलीला खूण केली. मुलगी दुसरी गिटार वाजवायची. तिने पहिल्याच फटक्यात दीड मात्रा उशीर केला, थेट त्याच्यासारखा, तार छेडतानाच्या घाबरटपणासकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानेही वाजवल्या. न वाजवून करतो काय?

संयोजिका त्याच्याजवळ येऊन खाली वाकली. “तुम्ही मंचावर हवेतच काका, तुमच्याशिवाय कार्यक्रम कसला? गिटारही राहू दे मांडीवर. फक्त वायर लावायची नाही.”

“चालेल,” तो म्हणाला. साउंडवाल्याने येऊन वायर काढली, गुंडाळली आणि नेली.

गाणं पुन्हा सुरू झालं. मुखडा संपला, वाद्यं थांबली, आणि म्हाताऱ्याने त्या मुक्या गिटारवर ती जागा वाजवली. बरोब्बर वेळेवर. त्याला भरून आलं.

आपलं वाजवून होताच मुलगी त्याच्याकडे कलली.

“काका,” ती मायेने कुजबुजली, “अजूनही लवकरच येताय हं.”