कोरी थीम

हेमकांतचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं आणि स्वप्नालीच्या संगणकाचा पडदा पुन्हा कोरा झाला.

"बठा, ताट वाढस," म्हणत ती उठलीसुद्धा.

हेमकांतचं शहाद्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान. दुपारी तो जेवायला लोणखेड्याला घरी येई. हल्ली रोजचं हेच चाललं होतं. खिडकीतून डोकावावं तर पडद्यावर फोटो, नावं, ओळी, काय काय. हा आत आला की पांढरं फटक! पुण्याच्या एका कंपनीचं काम आहे, लोकांच्या गप्पांच्या अ‍ॅपला संगणकावर साधंसुधं नवं रूप द्यायचं आहे, असं तिने सांगितलं होतं. त्याला थीम म्हणतात म्हणे. पण रूप दिलं तर ते दिसायला नको? कोऱ्या पडद्याचा पगार देणारी कंपनी याने तरी ऐकली नव्हती. त्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आज ती भाजी गरम करायला आत गेली. त्याने कान स्वयंपाकघराकडे ठेवला आणि हात माउसवर. हात लागला मात्र, सगळं पडद्यावर परत आलं. वर नाव होतं, चंदन. खाली त्याचे निरोप.

"जेवनी का तू?"

"कंबर दुखी ऱ्हायनी व्हई. जराशी आडी पड."

"आज गप्प गप्प का शे?"

हेमकांतने त्या ओळी पुन्हा वाचल्या. पुण्याचा माणूस अहिराणीत कशाला बोलेल? म्हणजे हा इथलाच, कदाचित गल्लीतलाच. ओळखीतले चंदन त्याने आठवून पाहिले. एक नंदुरबारचा मिरचीवाला, पार म्हातारा. दुसरा तिच्या माहेरचा, लग्नात फेटा बांधून पुढे पुढे करणारा. तो आठवला आणि हेमकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं सांगायचं तर राग थोडा होता, भीतीच जास्त होती. ही उद्या निघून गेली तर?

ती ताट घेऊन आली.

"कोन शे हाऊ चंदन?"

तिने ताट खाली ठेवलं. पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती घाबरली नाही, आणि तेच त्याला जास्त खुपलं.

"कोनी नही शे. कंपनीले थीम दखाडानी शे, त नमुनाना निरोप लागतस. ते मीच लिखात. तीन अक्षरनं नाव चौकटमा बराबर बसस."

"आनि मी उनू का सगळं पुसाई कसं जास?"

"मी नही पुसत. माउसवरला हात काढा का सगळं आपोआप मिटी जास. थीमच तशी शे. तुम्ही उनात का मी ताट वाढाले उठस."

हेमकांतला हायसं वाटलं. पण त्या ओळी काही डोक्यातून जाईनात. नमुनाच हवा तर पावसापाण्याचं लिहावं, क्रिकेटचं लिहावं.

"मंग हाई असं मायानं बोलनं तुले कोठून सुचनं? कोन बोलस तुन्हासंगे असं?"

"कोनीच नही," स्वप्नाली म्हणाली. "म्हनीसन त लिखं."