कंबरेची हाडं

छप्पन सालच्या उन्हाळ्यात मंगलीचे बाबा अहेरीच्या जंगलात बांबू तोडायला गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हा पोटात असलेली मंगली जन्मून दोन महिन्यांची झाली, तेव्हा त्याच वाटेवर वाघानं खाल्लेल्या कुणाची तरी हाडं सापडली. सासूबाई माझं कुंकू पुसायला उठल्या. दीर म्हणाले, "थांब ना माय, आधी डॉक्टरले तर दाखवू."

मंगलीला पदराखाली घेऊन मीही गेले.

डॉक्टरांनी कंबरेची हाडं जुळवून उजेडात धरली. "ही मधली वाट बघा, केवढी रुंद आहे. बाळ बाहेर यावं म्हणून बाईचीच अशी असते. आजी, हा तुमचा मुलगा नव्हे. ही पोरगी आहे, विशीतली."

"पक्कं ना जी? पोरगीच हाये ना?" सासूबाई पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. माझ्याही जिवात जीव आला. ती बिचारी कोणाची कोण, हे मात्र कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

घरी येताच सासूबाईंनी मडक्यातला गूळ काढला आणि दारोदार वाटत सुटल्या.



मंगली धरून मला तीन पोरी झाल्या, पण "पोरगी आहे" म्हटल्यावर आमच्या घरचा गूळ वाटलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.