तापलेले हात

आलिंग दिविंगने जेलच्या ट्यूबचं टोपण फिरवलं आणि लेकीने टोकलंच.

"लाव खुशाल. पण हात कधी धुणार?"

"उद्या सकाळी."

"नानाय!" लेक मारिविक आईवर ओरडली.

"ओरडू नकोस, पोर दचकेल."

पोर काही दचकली नाही. मारिविकच्या कडेवर बसून ती आईच्या ब्लाउजचं बटण चघळत होती. दात येत होते, त्यामुळे मायुमीला सध्या हाताला लागेल ते तोंडात हवं असायचं. बटण, चमचा, कुणाचंही बोट.

सकाळपासून उभं राहून दिविंगने शाळेच्या गणवेशांचा ढिगारा संपवला होता. इस्त्री अजून कोमट होती, तिचे तळवे त्याहून गरम, आणि उजवा गुडघा तर विचारायलाच नको. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी जेल लिहून दिलं तेव्हा बजावून सांगितलं होतं. दुखतं तिथेच लावायचं, पातळ लावायचं, जखमेवर नाही. वर फडकं बांधायचं नाही की शेकायचं नाही. दिविंग ते सगळं इमानाने पाळत होती. फक्त नंतर हात धुवा म्हटल्यावर तिने डॉक्टरीणबाईंसमोर मान डोलावली होती, तेवढंच. इस्त्रीने तापलेल्या हातांवर पाणी घ्यायचं म्हणजे पास्मा ओढवून घ्यायचा. बोटं थरथरायला लागतात, शिरा टरारून वर येतात. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

"पास्मा-बिस्मा काही नसतं," मारिविक म्हणाली.

"नसतं? साबेलमावशीला बघ. इस्त्री ठेवली आणि तश्शी भांडी घासायला बसली. आता कॉफी प्यायला लागली की कप दातांवर वाजतो."

"तिचं वय झालंय."

"मी काय कालची आहे? माझं हातावर पोट आहे, बये. हात थरथरला आणि एखादी कॉलर जळाली, की उद्यापासून कपडे दुसऱ्या दारात."

मारिविक स्टुलावर बसली. उद्यापासून तिला पुन्हा कारखान्यात जायचं होतं आणि बाळाला कुठे ठेवायचं ते आज ठरायचं होतं. तिने आवाज खाली आणला.

"ऐक. हे जेल हिच्या तोंडात गेलं तर? डोळ्यांत गेलं तर? तू हात धुणार नसशील तर मी हिला शेजारच्या इमांगकडे ठेवते. ती आपल्या रक्ताची नाही, पण हात धुते."

हे दिविंगला फार लागलं. जावई आखातात, लेक कारखान्यात. नात माझ्या अंगाखांद्यावर वाढणार, असं तिने सगळ्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. आणि आता तीच परक्या बाईच्या मांडीवर? ती ट्यूब खिडकीतून भिरकावून द्यावी असं तिला वाटलं. पण गुडघा ठणकला आणि अक्कल जागेवर आली.

ती उठली, लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि बर्फकांड्या भरायच्या अरुंद प्लास्टिकच्या पिशव्यांतली एक घेऊन आली. दोन बोटं तिने पिशवीत घातली, वर जेल पिळलं आणि झगा सरकवून गुडघ्यावर हलक्या हाताने पसरलं. खाली डास चावलेलं खाजवून सोललं होतं, तेवढी जागा सोडून दिली. मग पिशवी उलटी करत बोटांवरून काढली, गाठ मारली आणि केरात टाकली. मोकळी बोटं लेकीच्या नाकासमोर धरली.

"हुंग."

मारिविकने हुंगलं. स्टार्चचा वास येत होता, दुसरा कसला नाही.

"तू ना, वकीलच व्हायचीस," ती हसली.

"मग इस्त्रीला काय तुझा बाप उभा राहिला असता?"

हसता हसता मारिविकने मान वाकडी केली. पोरीला कडेवर घेऊन घेऊन खांदा भरून आला होता. दिविंगने बाजूला ठेवलेली ट्यूब तिने उचलली, बोटावर थेंबभर जेल घेतलं आणि ब्लाउजचा गळा सरकवला.

दिविंगने तिचं मनगट धरलं.

"चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे?"

"अगं, एवढंसं तर..."

"तुझं बाळ अंगावर पितंय. डॉक्टरीणबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर लाव, तोवर नाही." तिने ट्यूब काढून घेतली आणि टोपण घट्ट बसवलं. "आणि आधी ते बोट धू. तू कुठे इस्त्री केलीस? तुला काही होत नाही."

मारिविक बोट उभं धरून बसली. मायुमीने बटण सोडलं, त्या बोटाकडे पाहून आ केला आणि झेप घेतली. मारिविकने हात आणखी वर नेला. नळ मागच्या अंगणात होता, आणि ही धडपडी कडेवर असताना बोट धुणं काही जमणार नव्हतं.

तिने आईकडे पाहिलं. दिविंगने उजवा पाय लांब केला, डाव्या मांडीवरचा झगा नीट केला आणि वाट पाहत राहिली.

मारिविकने पोर तिच्या मांडीवर ठेवली आणि अंगणाकडे निघाली.

"साबण लाव गं!" दिविंग मागून ओरडली.