सात फुटांचा पाइप

“इतकं स्वस्त? चोरीचा माल लावतोस की काय?” मंजुळाबाईंनी चष्म्यावरून सम्यककडे पाहिलं.

परवा तो माप घ्यायला आला तेव्हा धाकट्या बाई भेटल्या होत्या. पण घरात चालतं ते या थोरल्या बाईंचंच, असं त्याला आज दारातच वाटलं.

टेबलावर एसी बसवण्याची दोन कोटेशनं होती. एक छापील, बारा हजारांचं. दुसरं सम्यकचं, वहीच्या पानावर, चार हजार दोनशेचं.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्याला दोन महिने झालेले. हे काम हुकलं तर सोमवारपासून गोदामात पेट्या उचलायच्या, असं डोंबिवलीला घरी ठरलेलं.

“तांब्याचाच पाइप आहे, ताई.”

“त्यांचा बावीस फूट आणि तुझा सात? बाकीचा काय पोहत जाणार?”

“त्यांनी बाहेरचं मशीन हॉलच्या गॅलरीत धरलंय. बेडरूमच्या भिंतीमागेच किचनची गॅलरी आहे. एक भोक, पाइप सरळ पार.”

बाईंनी स्वतः जाऊन भिंतीवर टकटक केली. “बीम?”

“वर आहे. बघितलाय मी.”

“व्हॅक्यूम किती वेळ करणार?”

“वीस मिनिटं तरी. घाई केली तर पाइपात हवा राहते.”

“हं.” त्यांनी चहा टाकला. साखरेसाठी तीन डबे उघडले. “या घरात एक वस्तू जागेवर मिळेल तर शपथ!”

मग पेन घेऊन त्या एकेक ओळ तपासू लागल्या. शेवटी थांबल्या. “अरे, तुझी मजुरी कुठाय यात?”

“माजिवड्यातलं पहिलंच काम, ताई. बिल्डिंगमध्ये नाव झालं असतं...”

“आणि बायकोला काय सांगशील? आज नाव शिजव?”

त्यांनी चार हजार दोनशेवर काट मारली. सम्यकने बॅग उचलली. “याच्या खाली नाही जमणार.”

“खाली कोण म्हणतंय? बस.” त्यांनी लिहिलं: मजुरी अठराशे, एकूण सहा हजार. “माझी बहीण येईल इतक्यात, तिच्याकडून पूर्ण घे. घर तिचं आहे. सख्खी बहीण असून बाहेरचं कोटेशन मागवते! आणि सोमवारी दहाला वागळे इस्टेटला ये, माझ्या दुकानावर. ती बारा हजारवाली मीच.”